मुलांसह समुद्रावर : शहापूर-मुरबाडकरांची दिवाळीची सहल

दिवाळीची सुटी लागली म्हणजे एकत्र कुटुंबांतील वडील माणसांपुढें एक गोड पेंच उभा राहतो. भाऊबीजेकरितां माहेरवाशिणी आपापल्या लेंकरांसह आलेल्या असतात, घर मुलांनीं गजबजलेलें असतें, आणि फराळाचे डबे अर्धे झाले कीं या सेनेला आतां कोठें न्यावें, असा प्रश्न पडतो. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत आमच्यासारखीं जीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं आहेत, त्यांना डोंगराची नवलाई नाहीं. शहापूरच्या मुलांनीं माहुलीचे सुळके पाळण्यांतून पाहिलेले असतात. मुरबाडचीं मुलें गोरखगड, सिद्धगड व नाणेघाट यांच्या सावलींत वाढलेलीं असतात. गोड्या पाण्याचीही त्यांना ओळख नको. १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आणि त्यानंतरचें विस्तीर्ण भातसा धरण हीं दोन्ही शहापूर तालुक्यांतच आहेत, आणि मुंबईची तहान मुख्यतः त्यांच्यावर व वैतरणेवर भागते. असें असूनही यांपैकीं बहुतेक मुलांनीं समुद्र पाहिला आहे तो चौपाटीच्या वाळूवरून. बोटींत बसून किनारा मागें पडतांना पाहणें ही गोष्ट आमच्या घरांतील नऊ मुलांपैकीं एकाच्याही वांट्याला आली नव्हती. म्हणून गेल्या दिवाळींत आम्हीं सहल योजिली ती जलप्रवासाची. ती योजतांना जो विचार करावा लागला, तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल, या हेतूनें येथें मांडीत आहों.

घाटाखालच्या माणसांचा समुद्राशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाशेजारून चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरील लेण्यांत नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि खिंडीच्या तोंडाशीं तो दगडी रांजण अजून उभा आहे, ज्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें सांगतात. जुन्नर-पैठणकडील माल या वाटेनें उतरे आणि कल्याण व सोपारा या बंदरांतून दूरदेशीं जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक खलाशानें लिहिलेल्या सागरप्रवासाच्या पुस्तकांत कल्याणचें नांव आलें आहे. पुढें छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर आपल्या आरमाराचीं पहिलीं जहाजें बांधविलीं तीं याच खाडींत. आमच्या भातसा व काळू या नद्या एकत्र होऊन उल्हास नदीला मिळतात, आणि तिचें पाणी कल्याणवरून खाडीनें समुद्रास जातें. मुलांना नकाशावर बोटानें ही वाट दाखविली तेव्हां, आपल्या ओढ्यांत सोडलेली कागदी होडी बुडाली नाहीं तर कोठें जाईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. सहलीची पूर्वतयारी खऱ्या अर्थानें तेथूनच सुरू झाली.

परंतु मुलांची तयारी सोपी. अडचण होती ती वडील माणसांची. आमच्या घरांत सर्वांत वडील आमच्या आत्याबाई. त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांचें आजोळ रेवसकडील. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली, तींत त्यांचे मामा गेले. स्वातंत्र्य महिन्यावर आलें असतां मुंबईच्या अगदीं दारांत सहाशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं बुडालीं. दिवस आषाढाचे, समुद्र खवळलेला, बोट गर्दीनें भरलेली. लाटेनें बोट कलली तेव्हां घाबरलेले प्रवासी एका बाजूस लोटले, असें त्या दुर्घटनेच्या हकीकतींत सांगितलें जातें. आत्याबाई त्या वेळीं लहान होत्या. पण आईनें त्या दिवसापासून समुद्राकडे पाठ केली, आणि तीच रीत त्यांनीं आमच्या घरांत आणिली. आमच्या तीन पिढ्या बोटीशिवाय वाढल्या त्या या एका दिवसामुळें.

त्यांची भीति जुनी म्हणून टाकून देण्यासारखी नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली व तींत पंधरा माणसें दगावलीं, हें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलें होतें. तेव्हां आम्हीं आत्याबाईंना "आतां सर्व सुरक्षित असतें" असें खोटें आश्वासन दिलें नाहीं. आम्हीं त्यांनाच विचारलें, "आत्याबाई, कोणत्या अटींवर मुलांना न्यावें असें तुम्हांला वाटतें?" दोन दिवस त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवा लावून झाल्यावर त्यांनीं तीन अटी सांगितल्या.

पहिली अट : पावसाळ्यांत नाहीं, आणि वेधशाळेनें वाऱ्याचा इशारा दिला असेल तर दिवाळींतही नाहीं, तिकिटांचे पैसे गेले तर जाऊं द्यावेत. दुसरी : बोटीवर गर्दी दिसली कीं मागें फिरावें व पुढच्या फेरीनें जावें, "मागें फिरायला लाजूं नका, लाजेनेंच माणसें मरतात." तिसरी : प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचें जीवरक्षक जाकीट असावें, आणि कांहींही दिसो, देवमासा दिसो कीं विमान पडो, कोणीं जागा सोडून एका बाजूस धांवूं नये. एवढें सांगून त्या म्हणाल्या, "आणि चौथी अट म्हणजे मी बरोबर येणार."

आम्हांस असें वाटतें कीं जलप्रवासाचें सगळें शास्त्र या अटींत आलें आहे. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ सालीं सागरी सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचें सारही याहून फार निराळें नाहीं : प्रत्येकाकरितां जीवरक्षणाचें साधन, आणि संकट येण्यापूर्वींच वागणुकीचा सराव. गेटवेच्या बोटींवर प्रवाशांस जाकिटें सक्तीचीं झालीं तीं २०२४ च्या अपघातानंतर. आत्याबाईंची अट सत्तर वर्षांपूर्वींची होती.

अटी ठरल्यावर बोट कोणती, हा प्रश्न आला. आज मुंबईहून सहलीचीं मोठीं जहाजेंही निघतात. २०१८ सालीं 'आंग्रिया' नांवाचें जहाज मुंबई-गोवा जाऊं लागलें होतें; तें पुढें बंद पडलें. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचें 'एम्प्रेस' हें जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे सफरी करूं लागलें. अकरा मजल्यांचें तें एक तरंगतें गांवच होय : भोजनगृहें, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, मुलांकरितां निराळी खेळण्याची जागा. घरांत दोन-तीन मुलें व हातीं पुरेसा पैसा असेल तर ही सफर खुशाल करावी. तथापि पैसे भरण्यापूर्वीं कांहीं गोष्टी विचारून घ्याव्यात. खोली शक्य तर जहाजाच्या मध्यावर व खालच्या मजल्यावर मागावी, कारण हेलकावे तेथें सर्वांत कमी जाणवतात. सज्जाची खोली दिसण्यांत सुंदर, पण चढाऊ मूल बरोबर असेल तर त्या सज्जापायीं आईबापांचा डोळ्याला डोळा लागत नाहीं. मुलांच्या ओळखीचे कागद, निरामिष भोजनाची सोय, मुलांचें भाडें आणि सफर रद्द झाल्यास परतावा, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. लक्षद्वीपला जाण्यास प्रवेश-परवाना लागतो, व तेथें मोठें जहाज दूर उभें करून लहान होड्यांनीं उतरवितात. समुद्र खवळला तर उतरणें रद्द होतें. ही शक्यता मुलांना आधींच सांगून ठेवावी, म्हणजे ऐन वेळीं रडारड होत नाहीं.

आम्हीं मात्र लहान प्रवास निवडला. नऊ मुलें व सहा मोठीं माणसें यांचा खर्च हें एक कारण झालेंच. पण दुसरें त्याहून महत्त्वाचें होतें. ज्या मुलानें एक तासही बोट अनुभवलेली नाहीं, त्याच्याकरितां दोन रात्रींचें जहाज घेणें म्हणजे पोहायला शिकण्यापूर्वीं नदींत उडी टाकणें होय. कोणास बोट लागते, कोण भितें, कोण उगीच धिटाई करतें, हें तासाभरांत कळतें. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो नौका आम्हीं ठरविली. ही सेवा मार्च २०२० मध्यें सुरू झाली. खालच्या मजल्यावर मोटारी व वरच्या मजल्यांवर माणसें घेऊन ही नौका सुमारें तासाभरांत मांडव्यास लावते. तिचा पसारा मोठा असल्यानें हेलकावे कमी, चढउतार धक्क्यावरून सरळ, आणि शौचकूपाची सोय आंतच. म्हातारी माणसें व लहान मुलें यांस हें फार सोयीचें.

आतां दिवस ठरविण्याचा भाग. येथें पंचांग कामास आलें. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रांत आहे, आणि ओहोटीला त्याच्याकडे पायीं जातां येतें. मुंबई-अलिबागकडे भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितके तास बारानंतर धरावेत, ती भरतीची वेळ. तिच्या आधीं व नंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. मुलांना पाऊणकी येत नव्हती. आत्याबाईंना ती अजून तोंडपाठ आहे. "चार पाऊणे तीन," त्या म्हणाल्या. म्हणजे चतुर्थीला भरती दुपारीं तीनच्या सुमारास, आणि ओहोटी सकाळीं नऊच्या सुमारास. अष्टमीला हिशेबानें ओहोटी बरोबर दुपारीं येते. पण ती भांगाची ओहोटी, पाणी पुरतें हटत नाहीं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तीन-चार दिवसांत उधाणाचा जोर असतो, त्यामुळें ओहोटीही चांगली खोल जाते. भाऊबीज द्वितीयेची. तेव्हां तृतीयेस निघावें, रात्रीं अलिबागेस राहावें, आणि चतुर्थीस सकाळीं किल्ला पाहून दुपारीं परतावें, असा बेत आपोआप जमून आला. एवढें असूनही किनाऱ्यावरील माणसांस विचारल्यावांचून पाण्यांत पाऊल घालूं नये. हिशेब आपला, समुद्र त्यांचा.

प्रवासाची व्यवस्था अशी. शहापूरकरांनीं आसनगांवास सकाळची लोकल धरावी व भायखळ्यास उतरावें. तेथून भाडोत्री मोटारीनें भाऊचा धक्का जवळ आहे. मुरबाडास अजून आगगाडी नाहीं. तिकडील मंडळींनीं एस. टी.नें कल्याण गाठून तेथें गाडींत चढावें. घरची मोटार असल्यास ती नौकेवरही चढवितां येते, मात्र तिची जागा आधीं राखून वेळेपूर्वीं पोंचावें लागतें. अलिबागेस दिवाळींत गर्दी फार, म्हणून राहण्याची जागा महिनाभर आधीं ठरवावी.

मुलांच्या आम्हीं जोड्या लाविल्या : एक मोठें, एक लहान, सर्वांत धाकटी वहिनींच्या हाताशीं. प्रत्येक जोडीस एक काम दिलें. एकीनें घड्याळ पाहून टिपण ठेवावें, दुसरीनें दर ठिकाणीं माणसें मोजावींत, तिसरीनें नकाशा सांभाळावा, चौथीनें भरतीचा हिशेब ताडून पाहावा. काम हातीं असलें कीं मूल उपद्रव करीत नाहीं, हा अनुभव घरोघरचा आहे.

खाण्यापिण्याविषयीं दोन शब्द. बोट लागूं नये म्हणून उपाशीं निघणें चुकीचें. रिकाम्या पोटीं मळमळ अधिक होते. उलट चकल्या-कडबोळीं खाऊन चढणेंही बरें नाहीं. आम्हीं निघण्यापूर्वीं तासभर दशमी व थोडा दहीभात दिला, आणि बरोबर आलेपाक घेतला. बोटींत ज्याला मळमळूं लागेल त्यानें उघड्या हवेंत, मध्यभागीं बसून दूर क्षितिजाकडे दृष्टि लावावी. पुस्तक किंवा फोन डोळ्यांपुढें धरूं नये. ज्या मुलांना मोटारही लागते त्यांच्याकरितां डॉक्टरांस विचारून औषध आधींच घ्यावें. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाहीं.

नौका धक्क्यावरून सुटली तेव्हां सकाळचें ऊन पाण्यावर आलें होतें. मागें शिवडीकडून निघालेला अटल सेतु पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता. १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला हा सुमारें बावीस किलोमीटरांचा पूल. डाव्या हातास घारापुरीचें बेट व न्हावा-शेव्याच्या बंदराचे उंच यारी-दांडे. उजव्या हातास गोद्या आणि नौदलाच्या करड्या युद्धनौका. मुलें आपापल्या जागीं बसून मानाच तेवढ्या वळवीत होतीं. मध्येंच सीगल पक्ष्यांचा थवा आला, आणि सारे प्रवासी एका कठड्याकडे धांवले. आमचीं नऊ मुलें जागचीं हललीं नाहींत. आठ वर्षांचा एक भाचा आत्याबाईंना हळूच म्हणाला, "आत्याआजी, बसूनही दिसतात कीं!" आत्याबाई त्या वेळीं पाण्याकडे पाहत होत्या. त्यांनीं कनवटीची पुरचुंडी सोडली, तींतील फुलें कठड्यावरून खालीं सोडलीं, हात जोडले, आणि परत येऊन जागेवर बसल्या. आम्ही कोणी कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यांनींच धाकटीला जवळ घेतलें व "तो बघ मांडवा" म्हणून किनारा दाखविला.

चतुर्थीस सकाळीं साडेआठास आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर होतों. पाणी हटत होतें, ओल्या खडकांची वाट उघडी पडत होती, आणि हिशेब ठेवणारी जोडी घड्याळाकडे पाहून मिरवीत होती. तेथील एका कोळ्यानें "दहाच्या पुढें थांबूं नका" असें सांगितलें. त्याचा शब्द आम्हीं प्रमाण मानिला. कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत आरंभिला गेला व संभाजी महाराजांच्या काळीं पुरा झाला; पुढें तो आंग्र्यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें झाला. आंत राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधविलेलें गणेशपंचायतनाचें देऊळ आहे. मुलांना सर्वांत नवल वाटलें तें मात्र किल्ल्यांतील गोड्या पाण्याचें. चारी बाजूंस खारा समुद्र आणि मध्यें गोडें पाणी! उत्तरेस थळच्या समोर खांदेरी किल्ला आहे. महाराजांनीं १६७९ सालीं इंग्रजांच्या व सिद्दीच्या विरोधास न जुमानतां तो बांधविला, आणि जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस असेल त्यांनीं थळच्या किनाऱ्यावरून त्याचें दर्शन घ्यावें.

परतीच्या वाटेवर, भाऊच्या धक्क्यावर, एक लहानसा प्रसंग घडला. तो भाचा नळावर ओंजळीनें पाणी प्यायला आणि विचारूं लागला, हें पाणी कोठलें? नकाशाच्या जोडीनें ताबडतोब उत्तर दिलें, "आपलेंच. तानशाचें, नाहीं तर भातशाचें." तो म्हणाला, "मग वैशाखांत आपल्याकडच्या पाड्यांवर टँकर कां येतो?" त्या प्रश्नाला नकाशांत उत्तर नव्हतें. आम्हीं त्याला जेवढें समजेल तेवढें खरें सांगितलें. आपल्याकडे पाऊस उदंड पडतो, पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो चार महिन्यांत वाहून जातो. धरणें बांधलीं तीं शहराकरितां, आणि त्यांचे नळ शहराकडे गेले. पाडे उंचावर राहिले, तेथपर्यंत पाणी चढविण्याची सोय पुरी झाली नाहीं. तें काम माणसांनीं करावयाचें राहिलें आहे. तें निसर्गानें नाकारलेलें नाहीं. मुलानें मान हलविली आणि नळ घट्ट बंद केला.

मुलांची सहल म्हणजे त्यांना दमवून झोपविण्याचा उपाय, अशी एक समजूत आढळते. आमच्या मतें सहलीनें मुलाच्या मनांत एक तरी प्रश्न जागा व्हावा आणि एक तरी नियम अंगीं बाणावा. समुद्र हीं दोन्ही कामें एका तासांत करतो. तो घाबरवितो म्हणून नियम शिकवितो, आणि विशाल आहे म्हणून प्रश्न उठवितो. तेव्हां घाटाखालच्या बांधवांस व भगिनींस आमची सूचना एवढीच कीं पुढच्या भाऊबीजेच्या आधीं पंचांग उघडावें, चतुर्थीची ओहोटी पाहावी, घरांतील सर्वांत वडील माणसाची अट विचारावी, आणि शक्य असेल तर त्या वडील माणसालाही बरोबर न्यावें. आमच्या घरीं पुढच्या खेपेचा विचार सुरू झाला आहे. आत्याबाई विचारीत होत्या, तें मोठें जहाज गोव्याला नेतें, तेथें मंगेशीला जायला वेळ मिळतो का?